मदत हवी आहे: आईच्या बोटांच्या गाठी झिजेच्या की युरिक ॲसिडच्या?

नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची. दोन्ही हातांच्या बोटांना, नखाच्या अगदी मागच्या सांध्यावर, हरभऱ्याएवढ्या टणक गाठी आल्यात. भाकरी थापताना कळ येते, बरणीचं झाकण तर माझ्याकडेच येतं. एक्स-रे बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, झीज आहे, हेबर्डन गाठी. पण युरिक ॲसिड ७.४ निघालं, आणि नेहमीच्या डॉक्टरांनी गाऊट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारं दुखणं) धरून गोळी लिहून दिली. गाऊट बहुतेकदा पायाच्या अंगठ्यात दिसतो, तो मात्र कधीच सुजलेला नाही.

वाचलं ते असं: ६.८ च्या वर स्फटिक बनू शकतात, तरी युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट होत नाही. पण वयस्कर बायकांना, विशेषतः लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर, झिजलेल्या याच सांध्यांत गाऊट होऊ शकतो. आईला नेमकी तीच गोळी आहे!

कुणाच्या घरी असं दुहेरी दुखणं आहे का? सांध्यातलं पाणी तपासलं, की ड्युअल एनर्जी सीटी (हे स्फटिक दाखवणारा स्कॅन) केला? संधिवाततज्ज्ञांकडे जाऊ का? तोवर शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने तूरडाळ बंद आहे, आणि आमटीवरून रोज धुसफूस.