जुनं घर विकायला काढताना : बडोदेकरांचे अनुभव

कारेलीबागेतलं आमचं टेनामेंट, म्हणजे अंगण असलेलं छोटं घर, विकायचं ठरवलं आहे. १९८७ साली राहायला आलो तेव्हा मागच्या अंगणात राजापुरी आंबा लावला होता. आता त्याच्या फांद्या शेजारच्या गच्चीवर गेल्यात आणि यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. मुलगी पुण्याला, मुलगा कॅनडात. भायलीकडे लिफ्ट असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतोय, दिवाळीनंतर जायचं आहे.

मी माळ्यापासून सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी थांबले. यांच्या कंपनीच्या ३१ डायऱ्या, दोन पाटे-वरवंटे, लग्नात आलेला आणि अजून खोक्यातच असलेला लेमन सेट. एकेक वस्तू हातात घेऊन आम्ही दोघं अर्धा अर्धा तास बोलत बसायचो आणि संध्याकाळी सगळं पुन्हा वर जायचं. तुमच्यापैकी बरेच जण यातून गेले आहात. घर रिकामं करणं, कागदपत्रं, गिऱ्हाइकं, जे आठवेल ते लिहा. आणि आंब्याचं काय करू, तेही सांगा.

वाडी, रिफायनरीतून निवृत्त

ताई, माळा राहू द्या. आधी कपाटातली फाइल काढा.

आमचं घर वाडीत, वडिलार्जित. वडील १९९६ साली गेले. तेव्हापासून वेरा (घरपट्टी) मी भरला, विजेचं बिल माझ्या नावावर, त्यामुळे घर माझ्या नावावर असल्यासारखंच मी वागत होतो. विकायला काढलं तेव्हा वकिलांनी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मागितलं. त्यावर अजून आजोबा! मग पेढीनामा (वंशावळ), आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला, काकांच्या मुलांच्या सह्या. बहीण नागपूरला, एक चुलतभाऊ ग्वाल्हेरला. कोणीही आडकाठी केली नाही, सगळ्यांनी आपापला हक्क सोडून दिला. तरी सगळ्यांना बडोद्यात एकत्र आणण्यात सात महिने गेले.

दुसरी गोष्ट, जुन्या शहरातल्या बऱ्याच भागांना अशांत धारा लागू आहे. दंगलग्रस्त भागांसाठीचा गुजरातचा १९९१ चा कायदा. त्या भागातलं घर विकायचं तर दस्त नोंदवण्याआधी कलेक्टरची परवानगी लागते. घेणारा आणि देणारा दोघांची सोगंदनामी (प्रतिज्ञापत्रं), मग चौकशी. आम्ही बानाखतात (विक्रीच्या करारात) तीन महिन्यांची मुदत लिहून बसलो होतो, ती परवानगीच्या आधीच संपली. घेणारा सज्जन, म्हणून थांबला. मुदत परवानगी हातात आल्या तारखेपासून मोजायची, असं बानाखतातच लिहून घ्या. कारेलीबागेत तुमच्या सोसायटीला हा धारा लागू आहे का, ते आजच विचारून ठेवा.

दांडिया बाजार, माहेरचं घर आवरलेली

आई-वडिलांचं घर आम्ही तिघी बहिणींनी आवरलं, पण आईच्या हयातीत, आईला खुर्चीवर मध्ये बसवून. ती ८१ वर्षांची होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण सासरचं घर सासूबाई गेल्यावर आवरलं होतं आणि त्यात पाचशे वस्तू अशा निघाल्या की त्या कोणाच्या, कुठल्या, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आईच्या वेळी एकेक भांडं बोललं. हा गडू तिच्या आजीचा, धारहून आलेला. ही परात वडिलांच्या पहिल्या पगाराची, मांडवीजवळच्या दुकानातून घेतलेली. धाकटीने सगळं वहीत लिहून काढलं.

मग दर रविवारी ओट्यावर एक टेबल मांडायचं ठरवलं. त्यावर त्या आठवड्यात काढलेल्या वस्तू. नातेवाईक, शेजारी, कामाच्या मावशी, ज्याला जे हवं त्याने न्यावं. दोन रविवार कोणी न्यायला आलं नाही तर तिसऱ्या सोमवारी ती वस्तू भंगारात. हा नियम आईनेच केला आणि तिनेच पाळला. आमचाच हात मागे यायचा.

पितळेचा बंब आणि घंगाळ वजनावर विकलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. थांबायला हवं होतं, पुढच्याच महिन्यात एका मावसभावाने विचारलं. हिंचका (झोपाळा) मात्र विकला नाही. नव्या घरी छताला कडी लावता येईना, म्हणून त्याच्या सागवानी फळीला पाय लावून बाक करून घेतला. आई संध्याकाळी त्यावरच बसायची. पाय हलवायची सवय गेली नाही तिची.

फोटोंचं काम सर्वांत शेवटी ठेवा. ते आधी काढलंत तर पुढचं काहीच होणार नाही.

समा, पुराचं पाणी शिरलेलं घर

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यात तीन फूट पाणी दोन दिवस होतं. आम्ही तेव्हाच ठरवलं, आता या वयात हे पुन्हा नको. घाई केली. दिवाळीच्या आत भिंती घासून रंग मारला, घर नवं दिसायला लागलं. फेब्रुवारीत पहिलं गिऱ्हाईक आलं तोवर खालच्या दोन-तीन फुटांवर खार फुटला होता, रंगाचे पापुद्रे सुटले होते. त्या गृहस्थांनी भिंतीवर नुसता तळवा ठेवला, पाणी प्यायले आणि निघून गेले. पुन्हा फोन आला नाही. नंतर कळलं, ते शेजाऱ्यांकडे चौकशी करून आले होते. आमच्या तोंडून पुराचा शब्द निघाला नव्हता, याची मला आजही लाज वाटते.

मग मिस्त्रीला बोलावलं. त्याने सांगितलं, भिंत आतून ओली आहे तोवर वर काहीही लावा, ते पडणारच. चार फुटांपर्यंत प्लास्टर काढलं, विटा उघड्या ठेवल्या आणि एप्रिल-मेचं ऊन खाऊ दिलं. मग नवं प्लास्टर, त्यावर महिन्याने पुट्टी, मग रंग. खालचे प्लग पॉइंट वर घेतले, मीटरही वर घेतला. पावणेदोन लाख गेले. पण त्यानंतर जो येईल त्याला मीच आधी सांगायचो की पाणी या खुणेपर्यंत आलं होतं. पोर्चच्या खांबावरची खूण आम्ही पुसली नाही. तिसऱ्या गिऱ्हाइकाने घर घेतलं, भाव थोडा पाडून मागितला, आम्ही दिला.

पाण्यात दस्तावेजही भिजून लगदा झाला होता. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून इंडेक्स (नोंदणीचा उतारा) आणि दस्ताची प्रमाणित नक्कल काढली. काम होतं, पण फेऱ्या होतात. मूळ कागद कधीही खालच्या मजल्यावर ठेवू नका.

अलकापुरी, मुलगा परदेशात

थोडक्यात लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही. घरावर मुलाचं नाव असेल आणि तो परदेशी राहत असेल तर त्याच्या हिश्श्याच्या पैशातून घेणाऱ्याला जास्त दराने टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो. आपल्यासारख्यांना ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहाराला १ टक्का असतो, त्याचा तसा नाही. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढून ठेवा, त्याला वेळ लागतो. कुलमुखत्यारपत्र तिकडच्या वकिलातीत सही करून आलं की तीन महिन्यांच्या आत इथे त्याचा मुद्रांक भरायचा.

कराचं गणित सीएकडूनच करून घ्या. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, नोंदणीकृत व्हॅल्युअर ती काढून देतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर निवासी भारतीयाला दोन रस्ते आहेत. सरळ १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के. कमी बसेल ते. लहान फ्लॅट घेऊन नफा उरलाच तर सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या बाँडमध्ये ठेवता येतो. तो पाच वर्षं अडकतो, हे आपल्या वयात विचारात घ्या. आम्ही औषधपाण्यापुरते पैसे बाजूला काढून मगच बाँड घेतले.

फतेगंज, शिक्षिका

बाबांची १,४०० मराठी पुस्तकं होती. दोन वाचनालयांना विचारलं, दोघांनीही आधी यादी मागितली. मला तेव्हा राग आला होता, पुस्तकं फुकट देतोय आणि वर यादी! पण यादी करायला बसले म्हणून मागच्या रांगेत बडोदे संस्थानाने काढलेल्या श्रीसयाजी साहित्यमालेतले नऊ जुने ग्रंथ सापडले. पस्तीवाला (रद्दीवाला) किलोवर घेऊन गेला असता. सयाजीराव महाराजांनी गावोगावी वाचनालयं उघडली, त्या बडोद्यात ही पुस्तकं तराजूत गेली असती तर बाबांना तोंड दाखवता आलं नसतं. ती विद्यापीठात मराठी शिकवलेल्या एका जाणकार बाईंना दाखवून योग्य जागी पोचवली. बाकीची वाटली. उधई (वाळवी) लागलेली सुमारे २०० मात्र जाळावी लागली.

मांजलपूर

गिऱ्हाइकांना वेळ बांधून द्या. दलाल दुपारी दोनला सुद्धा माणसं घेऊन येतो. आम्ही शनिवार-रविवार चार ते सहा ठेवलं. श्राद्धपक्षात आणि १५ डिसेंबरनंतर संक्रांतीपर्यंत, कमुरता (शुभकार्य न करण्याचा महिना) असतात तेव्हा, इथले लोक सहसा बयाणा देत नाहीत. तेव्हा कोणी आलं नाही म्हणून भाव उतरवू नका. आमच्या आधी शेजाऱ्यांनी उतरवला होता, त्यांचं फार नुकसान झालं.

हरणी, बागेची आवड

आंब्याबद्दल. जुनं झाड हलवायच्या फंदात पडू नका, घेणारा ठेवील किंवा तोडील, ते आपल्या हातात नाही. पण पावसाळा सुरू होतोय, कोय कलम करून घ्या. कोयी आत्ताच रुजत घाला, कोवळं रोप दोन आठवड्यांचं असतानाच बांधायचं असतं. त्यावर बांधायला जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी निवडा, तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापा, डोळे फुगले की घ्या. माळी सांगाल तर पाठवते.

कारेलीबाग, पुन्हा मी

सगळ्यांचे आभार, तीन महिने काही लिहिलं नाही कारण फाइलच उघडून बसले होते. टायटल (मालकी) साफ आहे, पण वेऱ्याच्या पावत्यांत सासऱ्यांचं नाव अजून चालू होतं, ते आता बदललं. टेबल ओट्यावर मांडलं आहे. लेमन सेट पहिल्याच रविवारी आमच्या कामाच्या मावशींच्या सुनेने नेला, खोकं तिथेच उघडलं. डायऱ्या यांनी स्वतः वाचल्या, दोन ठेवल्या.

हरणीच्या ताईंनी पाठवलेल्या माळीदादांनी पाच कलमं बांधली. त्यातली दोन जगली, तांबूस पालवी आली आहे. भायलीच्या सोसायटीच्या चेअरमनना विचारलं, मागच्या कुंपणाजवळ एक लावायला ते हो म्हणाले. दुसरं कलम घर घेणाऱ्या जोडप्याला द्यावं की नाही, यावर आमचं दोघांचं अजून ठरत नाही. ते मोठं झाड तोडणार आहेत, खोली वाढवायची आहे म्हणाले.