मुलीच्या कानामागे गोचीड निघाली, हरणांमुळेच ना?

जर्सीची_आई:
आम्ही न्यू जर्सीत राहतो, घरामागे झाडी आहे, हरणं रोज संध्याकाळी येऊन गुलाबाचे कोंब खाऊन जातात. काल मुलीची वेणी घालताना कानामागे तीळ दिसला, सोडूनच देणार होते तेवढ्यात त्याचे पाय हलले! खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड. सासूबाई म्हणाल्या रॉकेल लाव, गावी बैलांना तेच लावायचो, पण मी चिमट्याने सरळ वर ओढून काढली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. लाइम, म्हणजे गोचीड चावून होणारा तो आजार, हरणांपासूनच येतो ना? कुंपण घातलं तर सुटू का?

रानवाटा:
रॉकेल लावलं नाहीत ते फार बरं केलंत, त्याने ती बिथरते आणि पोटातलं जखमेत सोडू शकते. पण हरणाच्या अंगात लाइमचा जिवाणू, बोरेलिया, टिकतच नाही हो. गोचीड अंड्यातून निघते तेव्हा तिच्यात बोरेलिया नसतो, पहिलं रक्त पिते ते बऱ्याचदा पांढऱ्या पायांच्या उंदराचं आणि तिथून तिला तो लागतो, मग पुढच्या उन्हाळ्यात तीच खसखशीएवढी होऊन आपल्याला चिकटते. हरणावर मोठ्या माद्या पोट भरतात न् मग हजारो अंडी घालतात, म्हणजे हरणांनी गोचिडी वाढतात पण रोग येतो उंदरांकडून. कुंपणाआधी पाचोळा आणि भिंतीलगतची लाकडं हलवा, उंदीर तिथेच असतात.

मीनल_के:
चपटी होती की टम्म फुगलेली? 24 तासांच्या आत निघाली तर लागण व्हायची शक्यता फार कमी. 36 तासांच्या वर चिकटलेली असेल तर काढल्यापासून 72 तासांत डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा एक डोस देतात, त्यामुळे मुलांच्या डॉक्टरांना आजच फोन करा. आणि 30 दिवस अंगावर चट्टा उठतो का यावर लक्ष ठेवा, गोल कडंच दिसतं असं नाही, माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यामागे नुसता लाल डाग होता, एका क्लिनिकने किडा चावला म्हणून घरी पाठवलं आणि तीन आठवड्यांनी सकाळी चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला, अर्धा चेहरा लुळा. अँटिबायोटिकने बरा झाला पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. लगेच रक्त तपासलं तर निगेटिव्ह येऊ शकतं, त्यावर निर्धास्त होऊ नका.

रानवाटा:
मीनलताई अगदी बरोबर. कनेक्टिकटच्या लाइम गावात 1975 च्या सुमारास आयांनीच मुलांचे गुडघे सुजतात म्हणून पाठपुरावा केला होता, तेव्हा कुठे हा आजार उजेडात आला. मनात शंका असेल तर डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारा.

जर्सीची_आई:
चपटीच होती, आदल्या रात्री न्हाऊ घातलं तेव्हा नव्हती. डॉक्टरांनी फोटो पाहिला, औषध नको म्हणाले, लक्ष ठेवा. आता सासूबाई रोज संध्याकाळी तिला दिव्याखाली बसवून मान, काखा, केसांची मुळं बघतात.