मदत हवी आहे : टिपाडांचे लिटर कसे करायचे?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण छत्रपती संभाजीनगरात एम.ए. करतोय. शहरातल्या पाण्याच्या विषमतेवर एक छोटा धोरण-अहवाल लिहायचाय. सहा म्हणजे कागदावर. उन्हात फिरणारे चौघंच. दोन वस्त्या घेतल्यात, एक मंजूर ले-आउटची जुनी कॉलनी, दुसरी गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यानं प्लॉट विकून वसलेली. नळ दोन्हीकडं आहे आणि पाणी दोन्हीकडं आठ दिवसांनीच येतं. त्यामुळं सरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "खाडा सारखाच, मग विषमता कुठाय?" आम्ही गप्प.

उत्तर मिळालं ते गुंठेवारीतल्या एका मावशींच्या दारात. आमच्या प्रश्नावलीत 'रोज किती लिटर पाणी वापरता?' असं होतं. मावशी म्हणाल्या, "लिटरचं काय इचारायलीस बाई? दोन टिपाडं अन् सहा घागरी. तूच मोज." टिपाड म्हणजे पिंप, २०० लिटरचं. घागर बाटलीनं मोजली, १४ लिटर. एकूण ४८४ लिटर, घरात पाच माणसं, आठ दिवस. माणशी दिवसाला १२ लिटर झाले. कॉलनीतल्या पाच माणसांच्या घरात ८,००० लिटरचा हौद आणि वर हजाराची टाकी. तिथं हाच हिशेब २२५ वर जातो. केंद्राच्या नियमावलीत नळ आणि मलवाहिनी असलेल्या शहरासाठी माणशी १३५ लिटर धरलेत.

म्हणजे पाणी जायकवाडीतून एकच येतं. फरक पडतो तो ते साठवायला कोणाकडं काय आहे, यानं. पत्र्याच्या खोलीत हौद खणणार कुठं?

आता अडचणी. नळांना मीटर नाहीत, पाणीपट्टी वर्षाची ठोक, त्यामुळं लिटरचा आकडा कागदावर कुठंच नाही. आमची ही पद्धत चालेल का? दुसरं, गुंठेवारीत वही उघडली की लोक विचारतात, "नोटीस येणार का?" काही घरं तर दारच लावून घेतात. काय करावं?

प्रतिसाद

पाणीपुरवठ्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. तुमचे १२ आणि २२५ दोन्ही चुकलेत. टाकी किती मोठी ते तुम्ही मोजलंत. वापर किती तो नाही. पाण्याच्या दिवशी धुणं, अंघोळी, भांडी थेट नळावर उरकतात, ते मावशींच्या हिशेबात आलंच नाही. उलट हौदात तळाला उरलेलं पाणी नवं आलं की 'शिळं' म्हणून अंगणात ओततात, ते २२५ मध्ये बसलंय. पाण्याच्या दिवशी जा. २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. कोणाच्या मोटारी चालू आहेत तेही टिपा. मोटारीपुढच्या घराचा नळ करंगळीएवढा होतो. तुमची खरी विषमता तिथं निघेल असं मला वाटतं.

प्रतिसाद

लातूरकर आहे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यापासून आमच्या गल्लीत कोणाकडं किती टिपाडं हे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळं प्रश्न पटला. नोटिशीची भीती खोटी नाही. गुंठेवारीतली घरं नियमित करायचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात आली. पण घर नियमित करायची फाईल अर्धवट असलेला माणूस वही बघून बिचकणारच. वहीत नाव, घर नंबर लिहूच नका. 'ग-७' असा खुणेचा आकडा द्या आणि तो त्यांच्यासमोरच लिहा. शक्यतो वस्तीतल्या एखाद्या आशाताईंना किंवा बचतगटाच्या बाईंना सोबत घ्या.

आणि व्हॉल्व्ह कधी उघडतो, किती वेळ, याची वॉर्डनिहाय नोंद माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत लागतो. त्यात 'विषमता' वगैरे लिहू नका. तारीख, वेळ, भाग, एवढंच मागा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काका, शिळ्या पाण्याचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि माझ्या आईच्या घरी दर खेपेला हेच होतं! २२५ खोडलाय, १२ च्या पुढं प्रश्नचिन्ह टाकलंय.

सोमवारी गुंठेवारीत पाण्याचा दिवस आहे. पहाटे पाचला येतं म्हणतात, बादली घेऊन जातोय. एकच शंका राहिली : मावशींची घागर १४ लिटरची निघाली, पण शेजारणीची बारीक दिसत होती. प्रत्येक घरी बाटलीनं मोजायची का? म्हणजे नळ चालू असताना त्यांचीच घागर अडवून बसायची...