मदत हवी आहे: ग्रेटफुल डेडचं कोणतं रेकॉर्डिंग ऐकवू?

खर्जप्रेमी
नमस्कार मंडळी. पुण्यात आमचा छोटा श्रवणगट आहे. दर महिन्याला एक जण आपल्या आवडीचं काहीतरी ऐकवतो. पुढची पाळी माझी, आणि उत्साहाच्या भरात मी ग्रेटफुल डेडचं नाव देऊन बसलोय. ऐकणारी मंडळी सगळी ख्यालवाली. वेळ दीड तास, त्यातच चहा आणि गप्पा.

या अमेरिकन रॉक बँडने १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले आणि त्यातल्या बहुतेकांची रेकॉर्डिंग्ज फिरतायत. कुणालाही विचारा, एकच उत्तर येतं: ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल. ऐकलं. सुबक आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण मला चढते ती २७ ऑगस्ट १९७२ची व्हेनेटाची, ऑरेगनमधली. तिथलं 'डार्क स्टार' हे गाणं अर्ध्या तासाचं आहे. ठेका मध्येच विरून जातो, मग कुठूनतरी परत धरला जातो. आमच्या लोकांना ही बढत वाटेल की नुसतं भरकटणं? कॉर्नेल लावू की व्हेनेटा? शिवाय साउंडबोर्ड (थेट मिक्सरमधून घेतलेलं) लावू की ऑडियन्स रेकॉर्डिंग (श्रोत्यांमधून घेतलेलं)?

न्यूजर्सीकर
कॉर्नेल, डोळे मिटून. सगळे तेच सांगतात याचा राग कॉर्नेलवर कशाला काढायचा? पूर्ण मैफील लावू नका, दुसऱ्या सत्राची सुरुवात लावा. 'स्कार्लेट बेगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये जातात तो पंचवीसेक मिनिटांचा तुकडा. ही जोडी त्याच मार्चमध्ये पहिल्यांदा वाजली होती, म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते. तरी सांधा असा, की नवं गाणं नक्की कधी सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

आणि तुमच्या मंडळींसाठी हुकमी पत्ता: 'फायर'च्या चालीचा धागा झाकीर हुसेन यांच्यापर्यंत जातो. डेडचा ड्रमर मिकी हार्ट आणि झाकीरभाई यांच्या 'दिगा ऱ्हिदम बँड'चा १९७६चा अल्बम काढा. त्यातल्या 'हॅपिनेस इज ड्रमिंग'मध्ये तीच चाल आहे, शब्दांशिवाय, आणि गिटारवर स्वतः डेडचा जेरी गार्सिया. आधी ते लावा, मग कॉर्नेल. पुढे बोलायची गरजच पडणार नाही.

टेपकाका
दिगाची सूचना उत्तम. बाकी कॉर्नेलच्या कीर्तीतला निम्मा वाटा रेकॉर्डिंगचा आहे, हे न्यूजर्सीकर सांगणार नाहीत. बँडची ध्वनिमुद्रक बेट्टी कँटर-जॅक्सन, तिच्या हातचं काम ते. तिच्या रिळांच्या प्रती हातोहात पसरल्या, इतरांच्या खरखरत्या कॅसेटींपुढे हा आवाज काचेसारखा लख्ख, मग ती मैफील 'सर्वोत्तम' ठरणारच. वादन फार चांगलं आहे, नाही कोण म्हणतंय? पण त्या सबंध दौऱ्यात ते तसंच वाजवत होते. दुसऱ्याच दिवशीचं बफेलो ऐका.

व्हेनेटामध्ये धोका आहे, म्हणून मला ती प्यारी. ऑगस्टचं रणरणतं ऊन, एका डेअरीच्या मदतीसाठी उघड्या माळावर कार्यक्रम, उन्हाने गिटारी सारख्या उतरतायत. मिकी हार्ट त्या काळात बँडबाहेर होता, त्यामुळे ड्रम्सवर एकटा बिल क्रॉइट्झमन. एक ड्रमर असला की वळणं पटकन घेता येतात. फिल लेशच्या बेसकडे कान ठेवा. तो साथ करत नाही, संवाद करतो. आणि अर्ध्या तासाची ती तंद्री मोडते कशाने? बँडचा दुसरा गिटारवादक-गायक बॉब विअर थेट 'एल पासो' हे काउबॉयचं गाणं सुरू करतो! ख्यालानंतर लावणी चालते ना तुमच्यात?

मात्रामोजी
दोघांनी १९६९ सोडूनच दिलं. डेडच्या 'लाइव्ह/डेड' अल्बममधला 'डार्क स्टार' २७ फेब्रुवारी १९६९चा आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहातला, तेवीस मिनिटांचा. व्हेनेटापेक्षा बांधेसूद. त्याच अल्बमवर 'द इलेव्हन' आहे. अकरा मात्रा, ३-३-३-२. तुमच्याकडे टाळी देत ऐकणारे कुणी असतील तर सम सापडेपर्यंत चहाला हात लावणार नाहीत.

ऑडियन्स रेकॉर्डिंगबद्दल: मला ती मनापासून आवडतात, पण पहिल्या भेटीत नको. श्रोत्यांतल्या माइकमध्ये सभागृहाचा घुमारा येतो आणि शेजाऱ्याच्या गप्पाही येतात. साउंडबोर्डवर वाद्यं सुटी ऐकू येतात, पण कधीकधी गाणारा मांडीवर येऊन बसल्यासारखा आणि टाळ्या शेजारच्या गल्लीत. दोन्ही जुळवून केलेलं मॅट्रिक्स चांगलं मिळालं तर घ्या, पण दोन टेपरेकॉर्डरांचा वेग तंतोतंत एक नसतो, त्यामुळे जुळणी ढिली असेल तर ड्रमचा एकच ठोका दोनदा ऐकू येतो.

न्यूजर्सीकर
काका, 'त्या सबंध दौऱ्यात तसंच' हे मान्य नाही. कॉर्नेलच्या 'मॉर्निंग ड्यू'चा शेवट ऐका आणि मग बोला. गार्सिया अगदी हळू सुरात सुरू करून जो चढत जातो, तो बफेलोत कुठाय?

टेपकाका
बफेलोत 'हेल्प ऑन द वे' आहे. असो. 'ड्यू'पुढे मी हात टेकले.

खर्जप्रेमी
खूप आभार! असं ठरवतोय: आधी दिगा, लगेच कॉर्नेलची ती जोडी, मग चहा. नंतर 'द इलेव्हन', आणि शेवटी व्हेनेटाचा 'डार्क स्टार' पूर्ण, 'एल पासो'सकट. 'मॉर्निंग ड्यू' वेळ उरला तर. काका, ऐकवायला इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरचं चालेल ना?

टेपकाका
चालेल, पण तिथली साउंडबोर्ड २००५च्या अखेरीपासून नुसती ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत. म्हणजे नेट गेलं की कार्यक्रम गेला. कॉर्नेल २०१७त आणि व्हेनेटा २०१३त अधिकृतपणे निघालंय, तेच विकत घ्या. आवाजही उजवा आहे.

मात्रामोजी
आणि प्लेअरमध्ये दोन ट्रॅकमधली फट शून्य आहे का ते घरीच तपासा. 'स्कार्लेट' आणि 'फायर' वेगळे ट्रॅक आहेत. नेमक्या सांध्यावर दोन सेकंद शांतता आली तर न्यूजर्सीकर विमान पकडून पुण्यात येतील.