मदत हवी आहे: उन्हाळ्यात चढण घेताना एकाच सिलिंडरचे तापमान वाढते

नमस्कार मंडळी,

मी जळगाव जिल्ह्यातला असून खानदेशातल्याच एका धावपट्टीवर सेस्ना 172 एस या विमानावर प्रशिक्षण घेत आहे. फेब्रुवारीपर्यंत काही तक्रार नव्हती. मात्र पारा 42-43 अंशांवर गेल्यापासून, पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद) आणि 74 नॉट वेगाने चढताना तीन क्रमांकाच्या सिलिंडर हेडचे तापमान 430 अंश फॅरनहाइटला टेकते, तर उरलेली तीन सिलिंडर 400 च्या आतच राहतात. कमाल मर्यादा 500 अंशांची आहे हे मला ठाऊक आहे, परंतु त्या आकड्याच्या भरवशावर रोज चढणे मला योग्य वाटत नाही.

नाक थोडे खाली घेऊन वेग 85 नॉट केला की दोन-तीन मिनिटांत 15-20 अंश उतरतात, पण चढण मंदावते. दक्षिणेला जायचे असले, की अजिंठ्याच्या डोंगररांगेआधी पुरेशी उंची हाती लागत नाही, म्हणून धावपट्टीच्या वरच हवेत एक फेरी जास्त मारावी लागते. ती मारायला माझी हरकत नाही.

खरी अडचण मिक्स्चरची, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाची आहे. माहितीपुस्तिकेप्रमाणे 3000 फुटांखाली मिक्स्चर पूर्ण रिच (इंधन जास्तीत जास्त) ठेवायचे. आमची धावपट्टी हजार फुटांच्याही आत आहे, पण दुपारच्या 43 अंशांत हिशेब केला तर डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) चार हजार फुटांच्या वर जाते. त्यामुळे एक शिक्षक म्हणतात की थोडे लीन करा (इंधन कमी करा), ताकद मिळेल. दुसरे म्हणतात की जास्तीचे इंधनच सिलिंडर थंड ठेवते, त्याला हात लावू नका. एकदा शिक्षक शेजारी असताना लीन करून पाहिले, तेव्हा आरपीएम वाढले खरे, पण तापमानही लगेच चढू लागले. मला स्वतःला दुसऱ्या शिक्षकांचे पटते.

परवा तपासणीसाठी काउलिंग (इंजिनावरचे आवरण) उतरवले होते, तेव्हा अभियंत्यांच्या परवानगीने आत डोकावून पाहिले. बॅफलच्या (हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्याच्या) कडेची रबरी पट्टी उजव्या बाजूला, मागच्या सिलिंडरजवळ, सुमारे चार बोटे लांबीत उलट्या दिशेला दुमडली होती, आणि काउलिंगच्या आतल्या पृष्ठभागावर नेमकी त्याच जागी धुळीची मातकट रेघ उमटली होती. तीन क्रमांकाचे सिलिंडर तिथेच आहे. सिलिंडरच्या फिन्समधून (थंड करणाऱ्या पातळ पात्यांमधून) खाली जायला हवी ती हवा तिथून निसटत असावी, असा माझा अंदाज आहे.

पट्टी सरळ केली तरी दोन उड्डाणांत ती पुन्हा दुमडते. अशा वेळी ती बदलूनच घ्यावी लागते का? आणि त्याआधी तीन व चार क्रमांकांचे प्रोब (तापमान मोजणारे संवेदक) अदलाबदल करून, दोष तापमानाचा की प्रोबचाच, हे पाहून घ्यावे का? पूर्ण थ्रॉटलला इंधनाचा प्रवाह आणि मॅग्नेटोचे (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचे) टायमिंग तपासायला सांगावे, असेही मनात आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात उडणाऱ्यांनी चढणीत मिक्स्चर कसे ठेवता ते कृपया आकड्यांसह लिहावे. शनिवारी काउलिंग पुन्हा उघडणार आहे.