‘गाभ्रीचा पाऊस’ पाहताना तुम्ही कुठे हसलात? (अनुभव धागा)

सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा सिनेमा २००९ साली आला. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी किसना (गिरीश कुलकर्णी), बायको अलका (सोनाली कुलकर्णी), म्हातारी आई (ज्योती सुभाष) आणि लहान मुलगा. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकाच्या मनात भीती बसते, आता आपल्या नवऱ्यानं असं काही केलं तर? तिथून ती त्याला एकटं सोडत नाही. पोराला मागे लावते, सासूला लक्ष ठेवायला सांगते, त्याच्या आवडीचं रांधते. किसनाला यातलं काहीच ठाऊक नाही. घरातल्यांना झालंय तरी काय, हेच त्याला उमजत नाही. त्यावरून हसू येत राहतं आणि हसता हसता पोटात गोळाही येतो.

या सिनेमाबद्दल लोक दोन टोकांची मतं देतात. एका बाजूनं, इतक्या गंभीर विषयावर विनोद करणं बरं नव्हे. दुसऱ्या बाजूनं, विनोद होता म्हणून तर शेवटपर्यंत पाहू शकलो. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. जुलै २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलढाणा, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात पेपरात रोज आकडा यायचा आणि आम्ही तो वाचून पान उलटायचो. आकड्यामागच्या घरात संध्याकाळी स्वयंपाक कसा होत असेल, नवऱ्याला यायला उशीर झाला तर बाई किती वेळा दारात जात असेल, हे या सिनेमानं मला दाखवलं. त्यातलं हसू मायेतून येतं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही कुठे पाहिलात, कोणाबरोबर, कुठे हसलात, कुठे खटकलं, सविस्तर लिहा. आवडला नसेल तर तेही लिहा. फक्त शेवट सांगू नका. नव्या पोरांपैकी पुष्कळांनी पाहिलेला नाही.

पुणे, खासगी नोकरी

मी आधी २०१० चा ‘पीपली लाइव्ह’ पाहिला आणि मग हा. अनुषा रिझवींच्या त्या सिनेमात नत्था नावाचा शेतकरी जीव देणार म्हटल्यावर गावात कॅमेरे येतात, पुढारी येतात, जत्रा भरते. तिथे मी खूप हसलो, कारण हसायला बाहेरचे लोक होते. किसनाच्या दारात कोणीच येत नाही. ना कॅमेरा, ना पुढारी. जे काही धावपळ करतात ते घरातलेच. त्यामुळे ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये हसलो की लगेच आपण कोणाला हसतोय असं वाटायचं. दोन्ही चांगले, पण मनात घर करून राहिला तो हा.

मूळ यवतमाळ जिल्हा, आता नाशिक

मी सिनेमातलं ते पोरगं होतो, म्हणून जरा लांबवर लिहितो.

आमची कोरडवाहू जमीन, कपाशी आणि मधे तुरीची ओळ. त्या वर्षी मृगात पेरलं, पावसानं दडी मारली, सरकी मातीतच गेली. दुबार पेरणीला बियाणं उधारीवर आणलं. त्याच हंगामात आमच्या गल्लीतले एक काका गेले. दुसऱ्या दिवशी आईनं फवारणीचे डबे गोणीत भरले आणि मामाकडे नेऊन ठेवले. बाबांना सांगितलं, घरात वास येतो. आणि मला सांगितलं, शाळा सुटली की थेट वावरात जायचं, बाबांच्या सोबत परत यायचं. कारण विचारायचं नाही.

मी जायचो. बाबा धुऱ्यावर बसलेले असायचे. खाली वाकून मूठभर माती उकरायचे, दाबून लाडू वळतो का बघायचे. वळायचा नाही. बोटांमधून माती सुटायची, की हात धोतराला पुसायचे. थोड्या वेळानं पुन्हा तेच, दुसऱ्या जागी. मी लांब निंबाखाली बसून बघायचो, आणि ते उठून विहिरीकडे निघाले की मीही उठायचो. एकदा मागे वळून म्हणाले, “आईनं पाठोलं ना रे तुले?” मी मान हलवली. ते काही बोलले नाहीत. विहिरीवर गेले, बादली शेंदली, आधी मला पाणी पाजलं. नंतरच्या दिवसांत मी गेलो की बैलांचा कासरा माझ्या हातात द्यायचे आणि पुढे चालायचे.

पुण्यात शिकताना मित्रांबरोबर हा सिनेमा पाहिला. पोरगा बापाच्या मागे मागे जातो तिथे सगळे हसले. मला हसू आलं नाही. कोणाचा रागही आला नाही, घसा मात्र दाटून आला. पुढे एका दिवाळीत मी घरी लॅपटॉपवर लावला. आईबाबा शेजारी शेजारी बसले. आणि त्याच जागी बाबा इतके खळखळून हसले, की आईनं त्यांच्या दंडाला धरलं. म्हणाले, “मले तवाच समजलं होतं. वास येते म्हने डब्यायचा!” त्या वर्षाबद्दल आमच्या घरात त्याआधी एक शब्द निघाला नव्हता. त्या रात्री मात्र उशिरापर्यंत बोलणं चाललं. कोणाचं किती देणं होतं, कोणी माफ केलं, कोणी तगादा लावला, सगळं. या सिनेमाचा हा उपकार मी विसरणार नाही.

वर्धा, शेतकरी

मले हा पिच्चर आवडला नाई, सरळ सांगतो. काम सगळ्यायनं चांगलं केलं, त्यात वाद नाई. पन शेतकरी पडद्यावर आला की थो मराले टेकलेलाच काहून असते? आमच्या गावात पोट्ट्यायचे लग्न जुळत नाई, त्यातलं एक कारन हेच हाये. मुलीकडच्यायले वाट्टे की शेतकरी म्हंजे आज ना उद्या.

दुसरं म्हंजे सगळा दोष पावसावर जाते. पाऊस आला नाई म्हून पिकलं नाई, हे खरं. पन पाऊस आला अन् पिकलं, तरी भाव पडते त्याचं काय? १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, म्हंजे सगळा कापूस सरकारच घे. चुकारे उशिरा भेटे, तरी भाव ठरलेला राहे. थे मोडीत निघालं अन् आमी व्यापाऱ्याच्या काट्यावर आलो. बोंड फुटलं, वेचनीले बाया लावल्या, मजुरी रोख देली, अन् खेडा खरेदीवाला म्हनते कापूस ओला हाये. त्यात हसन्यासारखं काई नाई. पाऊस काई कोनाच्या हातात नाई, भाव तर मानसाच्या हातात हाये.

नागपूर, बँकेतून निवृत्त

वरच्या भाऊंचं म्हणणं मला पटतं. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा मी ग्रामीण शाखेत होतो. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला, म्हणजे साधारण पाच एकर. त्यावरच्यांनी ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. आता विदर्भातल्या कोरडवाहू आठ एकरांची कमाई आणि ओलिताखालच्या पाच एकरांची कमाई यांची तुलना तुम्हीच करा. यादी भिंतीवर लावली तेव्हा लोक बोटानं ओळी शोधत होते आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या यादीत आपलं नाव बघून माझ्याकडे येत होते, “साहेब, मी कुठला मोठा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरीही सिनेमात हे सगळं यायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. धोरणावर अहवाल निघतात. एका घरावर सिनेमा निघाला, आणि तो खरा निघाला.

अकोला, गृहिणी

सगळे किसनाबद्दल लिहीत आहेत. मला अलका दिसली. घरात तेलाचा डबा तळाला गेलेला आणि नवऱ्याचा चेहरा उतरू नये म्हणून गोडाधोडाचं करायचं, हे गणित बायाच करू शकतात. तिची झोप उडाली, तिच्या मनावर कोणी लक्ष ठेवलं? माझ्या मते सोनाली कुलकर्णीनं आतापर्यंत केलेल्या कामात हे सगळ्यात मोठं. आणि सासू-सून एका बाजूला, हे मराठी पडद्यावर मला फार क्वचित दिसलंय.

विदर्भ, गाव लिहीत नाही

माझे पती गेले. हा सिनेमा मी अर्धाच पाहिला आहे, पुढे पाहवला नाही.

माझी तक्रार सिनेमावर आहे की लोकांवर, ते मला नीट सांगता येत नाही. पण तो टीव्हीवर लागला त्यानंतर एक नातेवाईक मला म्हणाले, “असं लक्ष ठेवलं असतं तर वाचला असता.” मी लक्ष ठेवलं होतं. अलकानं केलं ते सगळं केलं होतं. ते गेल्यावर सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी कागद गोळा केले, सातबारा, कर्जाचा दाखला, पंचनामा, आणि कमिटीत प्रकरण ‘अपात्र’ झालं, कारण कर्ज सावकाराचं होतं आणि त्याचा कागद नव्हता. हसलात त्यांच्यावर माझा राग नाही. सुरुवातीला मीसुद्धा हसले, कारण ते आमचंच घर होतं. पण सिनेमा पाहून कोणी कोणाच्या बायकोला जाब विचारू नये, एवढं या धाग्यावर लिहायचं होतं.

अमरावती, समुपदेशक

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या नातेवाइकांचं बोलणं चूक होतं. आत्महत्या कोणा एकाच्या दुर्लक्षामुळे होत नाही. कर्ज, नापिकी, आजार, दारू, लग्नाचा खर्च, एकटेपण, कितीतरी गोष्टी एकत्र येतात. घरच्या बाईवर त्याचा भार टाकणं हा अन्याय आहे.

सिनेमाबद्दल एक सांगते. त्यातला सगळा विनोद एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे कोणी किसनाला सरळ विचारत नाही. आमच्याकडे येणाऱ्या घरांतही हेच असतं. सगळे पाळतीवर, आणि विषय काढायचा नाही. विचारलं तर तो विचार त्याच्या डोक्यात भरेल, अशी भीती असते. ही समजूत चुकीची आहे. “तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” असं शांतपणे, जवळ बसून विचारलं तर धोका वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. वर ज्या आईनं फवारणीचे डबे मामाकडे नेऊन ठेवले, तिनं अगदी योग्य केलं. घातक वस्तू हाताशी नसणं, हा जीव वाचवणारा उपाय आहे. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. हा घरोघरी लिहून ठेवा.

बुलढाणा, कॉलेज विद्यार्थी

आम्ही गावात समाजमंदिरात पडदा लावून दाखवला. पोरं आधी भाषेलाच हसली. पडद्यावर वऱ्हाडी म्हणजे गडी नाहीतर विनोदी पात्र, अशी सवय झालेली. इथे घरातला कर्ता माणूस तीच भाषा बोलतो, हे लक्षात आल्यावर हसणं आपोआप कमी झालं.

खरी मजा मध्यंतरात आली. आम्हाला वाटलं होतं, मोठी माणसं गप्प बसतील. ती तर भांडायला लागली. एक आजोबा म्हणाले, किसनानं पेरायची घाई केली, जमिनीत ओल कुठे होती? कृषी विभागही सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्यावर दुसरे चिडले, थांबलं आणि मृग निघून गेला तर उत्पन्न घटते, मग कोण भरून देते? तिसऱ्यांचं म्हणणं, नुसती कपाशी कशाला, अर्ध्यात सोयाबीन टाकायला पाहिजे होतं. बायांच्या बाजूनं आवाज आला, आधी पिच्चर पुरा पाहा, मग पेरा. पण कोणी ऐकेना. किसना जणू शेजारच्या वावरातला माणूस आहे आणि उद्या सकाळी त्याला जाऊन सांगायचंय, अशा तावातावानं अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी लाइट जायची वेळ झाली म्हणून आम्ही पुढचा भाग सुरू केला.