नाल्याचे काय?

ए-१०३ (सकाळी ७.१२) : सर्वांना नमस्कार. आमच्या मुलीचा डेंग्यूचा अहवाल काल रात्री पॉझिटिव्ह आला असून आपल्या विंगमधील या महिन्यातला हा तिसरा रुग्ण आहे. ए-३०१ मधील आजोबा आजारी पडले तेव्हा समितीकडून 'बघू या' असे उत्तर मिळाले होते, ते मी विसरलेले नाही. धूरफवारणी नेमकी कोणत्या दिवशी होणार आहे, एवढेच कृपया आज स्पष्टपणे सांगावे.

सी-२०४ (७.१९) : मूळ कारण आपल्या मागचा नाला आहे, हे मी गेली दोन वर्षे याच ग्रुपवर लिहीत आहे. नाल्याचे काय?

सचिव (७.४४) : ताई, मुलीच्या प्रकृतीविषयी वाचून वाईट वाटले. धूरफवारणीसाठी अर्ज दिलेला आहे. मागच्या महिन्यातही फवारणी झाली होती, तेव्हा धुराचा त्रास होतो म्हणून तक्रार करणाऱ्या सभासदांची यादी माझ्याकडे आहे; ती इथे देण्याची माझी इच्छा नाही.

डी-३०२ (८.०५) : मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो, कंटाळा आल्यास क्षमा असावी. जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील प्रत्येक जातीचे पाणी ठरलेले असते. नाल्याच्या काळ्या, कुजक्या पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती मात्र साठवलेल्या, तुलनेने स्वच्छ आणि स्थिर पाण्याचा भोक्ता आहे : पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवर पालथा न घातलेला डबा. तो फार लांब उडत नाही. बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचे आयुष्य संपते. शिवाय मादी एकाच माणसाचे रक्त पोटभर पीत बसत नाही. हाकलली की दुसऱ्याला चावते, तिथूनही उठवली की तिसऱ्याला. त्यामुळे एकाच विंगमध्ये तीन रुग्ण निघतात, तेव्हा तिचे घर आपल्या आवारातच शोधावे लागते.

बी-४०१ (८.११) : म्हणजे डासांमध्येही जागांचे वाटप झालेले आहे. आपल्या पार्किंगपेक्षा त्यांचे नियोजन बरे दिसते.

सी-१०१ (८.१४) : पार्किंगचा विषय आपणच काढलात म्हणून विचारते. लिफ्टजवळचे ते चार जुने टायर कोणाचे आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यापूर्वी ते हलवले जातील, असे आश्वासन मिळाले होते. कोणत्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी, हे तेवढे विचारायचे राहून गेले.

बी-४०१ (८.१६) : माझे टायर कोरडे ठणठणीत आहेत. सकाळी सकाळी वैयक्तिक टीका नको.

डी-३०२ (८.३१) : कोरडेपणाचा भरवसा धरू नये. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला एकेक करून चिकटवते. भिंगातून पाहिल्यास शिसपेन्सिलीने काढलेली काळी टिंबे वाटतात. पाणी आटले तरी ती अनेक महिने तशीच टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. याच युक्तीवर एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे पट्टेरी आशियाई डास, जुन्या टायरांच्या व्यापारातून समुद्र ओलांडून गेला. १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे तो पसरलेला आढळला आणि १९९० मध्ये इटलीत पोहोचला. आपले टायर आडवे ठेवलेले आहेत आणि त्यांच्यावर लिफ्टच्या बाजूचा पाइप ठिबकतो, एवढे मी काल जाता-येता पाहिले.

बी-४०१ (८.३३) : सर, तुमचा मान ठेवून गप्प बसतो.

सी-२०४ (८.३४) : टायर हलवा किंवा हलवू नका. नाल्याविषयी अद्याप कोणीही उत्तर दिलेले नाही.

ए-१०३ (९.०२) : माझाही प्रश्न अनुत्तरितच आहे. फवारणी कधी?

डी-३०२ (९.२०) : ताई, फवारणीला माझा विरोध नाही, कारण रुग्ण निघाल्यावर विषाणू घेऊन उडणारे डास लगेच कमी करणे योग्यच आहे. परंतु धूर फक्त त्या वेळी हवेत असलेल्या प्रौढ डासांना मारतो. अळ्यांना आणि अंड्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. त्यातही एडिस इजिप्ती विसावतो कुठे, तर पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या गडद कपड्यांत. आणि फवारणीचा आवाज ऐकताच आपण सगळे काय करतो? धावत जाऊन खिडक्या लावून घेतो.

ए-३०१ (९.४८) : मी बरा आहे, चौकशीबद्दल आभार. आमच्या लहानपणी इतके डास नव्हते, ही अलीकडची देणगी आहे, असे माझे मत आहे.

डी-१०२ (१०.०५) : काका, तुमच्या या म्हणण्यात निदान एका ठिकाणापुरते पूर्ण तथ्य आहे. हवाई बेटांवर १८२६ पर्यंत एकही डास नव्हता. जहाजावरच्या पाण्यातून क्युलेक्स उतरला आणि त्याने पसरवलेल्या पक्ष्यांच्या हिवतापाने तिथल्या चिमुकल्या रंगीत पक्ष्यांच्या कित्येक जाती संपवल्या. उरलेले पक्षी थंड हवेच्या उंच डोंगरांत टिकून राहिले. एडिस इजिप्तीसुद्धा मूळचा आफ्रिकेच्या जंगलातला, झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढणारा. गुलामांच्या जहाजांवरील पिंपांतून तो अमेरिका खंडात गेला आणि त्याच्याबरोबर पीतज्वरही गेला.

ए-२०२ (१०.१२) : काकू, थंडीचा आणि डासांचा संबंध फक्त डास गारठून मरण्यापुरताच आहे का? मग उष्ण कटिबंधातच हे आजार एवढे का असतात?

डी-३०२ (१०.४०) : प्रश्न फार चांगला आहे. ही खरे तर शर्यत आहे. डासाने रुग्णाचे रक्त प्यायल्यावर डेंग्यूच्या विषाणूला त्याच्या पोटापासून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला उबदार हवेत साधारण ८ ते १२ दिवस लागतात. तोपर्यंत तो डास चावला तरी रोग देत नाही. मादीचे आयुष्य दोन-चार आठवड्यांचे. हवा थंड असेल तर विषाणूची वाढ मंदावते आणि तो लाळेत उतरण्यापूर्वीच मादी मरून जाते. हिवतापाचेही तसेच आहे; साधारण १६ अंश सेल्सियसच्या खाली त्याच्या परजीवीची डासातील वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे डास असूनही आजार नाही, अशी परिस्थिती शक्य असते. आपल्याकडच्या उकाड्यात ही शर्यत विषाणू आरामात जिंकतो.

सी-२०४ (१०.४२) : व्याख्यान उत्तम झाले. आता नाल्याचे काय?

बी-४०१ (१०.४३) : काका, विषाणूला ८ दिवस लागतात, तुम्हाला दोन मिनिटेही लागत नाहीत.

सचिव (१०.५०) : कृपया ज्येष्ठांविषयी बोलताना भान ठेवावे.

ई-५०१ (११.३५) : दवाखान्यातून थोडक्यात लिहीत आहे. ए-१०३ ताई, ताप उतरला की मुलगी बरी झाली, असे समजू नये. डेंग्यूमध्ये ताप उतरू लागल्यानंतरचे एक-दोन दिवसच अधिक जपण्याचे असतात. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा एकदम सुस्ती यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालयात न्यावे. तापासाठी पॅरासिटामॉलव्यतिरिक्त कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. शिवाय तिला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावे, कारण हा डास दिवसा चावतो आणि तिच्या रक्तातून विषाणू उचलून शेजारच्या घरी नेऊ शकतो.

ए-१०३ (११.४१) : डॉक्टर, मनापासून आभार. सकाळपासूनच्या एवढ्या संदेशांत मला उपयोगी पडलेला हा पहिलाच आहे.

डी-१०२ (दुपारी १.१५) : ताईंचा रोख मला समजला, तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रेंचांनी १८८१ मध्ये पनामा कालव्याचे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत आणि बागेतील झाडांभोवतीही पाण्याची कडी केलेली होती. पीतज्वराचा डास नेमका त्याच पाण्यात वाढत होता, म्हणजे रुग्णाच्या खाटेखालीच. पुढे अमेरिकनांच्या काळात डॉ. गॉर्गस यांनी घरोघरी पाणी तपासून, पिंपे झाकून, डबक्यांवर तेल टाकून १९०६ पर्यंत कालव्याच्या पट्ट्यातून पीतज्वर हद्दपार केला. आपल्या लॉबीतील सुशोभीकरणाच्या कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या की मला त्या वाट्या आठवतात.

बी-२०१ (१.२२) : सुशोभीकरण उपसमितीच्या वतीने नम्रपणे नमूद करते की, त्या ताटल्या फरशीवर डाग पडतात म्हणून डी विंगच्याच आग्रहाने ठेवलेल्या आहेत.

ए-२०२ (१.३०) : परंतु सर, रात्री कानाशी गुणगुणून झोप उडवणारे डास तर नाल्यातलेच आहेत ना?

डी-३०२ (१.५५) : होय, आणि इथे सी-२०४ यांच्याशी मी सहमत आहे. ते बहुतांशी क्युलेक्सच आहेत. त्यांच्यामुळे डेंग्यू होत नाही, पण हत्तीरोग पसरवणारा तोच डास आहे, त्यामुळे नाला साफ व्हायलाच हवा. माझे म्हणणे एवढेच की, नाला उद्या आरशासारखा स्वच्छ झाला तरी ए विंगमधला डेंग्यू थांबणार नाही.

सी-२०४ (१.५७) : नाला दोषी असल्याचे सरांनी लेखी मान्य केले आहे. सचिवांनी नोंद घ्यावी.

सचिव (सायंकाळी ६.३०) : सर, ए-२०२ आणि मी अशी तिघांनी आवाराची पाहणी केली. लॉबीतील नऊ ताटल्यांपैकी पाच ताटल्यांत आणि चारही टायरांत अळ्या मिळाल्या. नाल्यात अळ्या आहेतच. शिवाय काठावर पडलेल्या प्लास्टिकच्या पेल्यांतील पावसाच्या पाण्यातही वेगळ्या अळ्या आहेत. टाकीविषयी सरांनीच लिहावे.

डी-३०२ (६.५२) : ताटल्यांतील अळ्या डोके खाली करून लटकलेल्या होत्या, सावली पडताच वळवळत तळाशी गेल्या. ए विंगच्या गच्चीवरील टाकीत मात्र ज्या दिसल्या, त्या पाण्याच्या पृष्ठभागाला अगदी समांतर, आडव्या पडलेल्या होत्या. ही अॅनोफेलिसची खूण आहे. जात सांगायला सूक्ष्मदर्शक लागेल, परंतु शहरातल्या टाक्यांमध्ये वाढणारा हिवतापाचा डास म्हणजे अॅनोफेलिस स्टीफेन्सी. आफ्रिकेतील हिवतापाचा मुख्य डास पावसाच्या उघड्या डबक्यांत आणि प्रामुख्याने खेड्यांत वाढतो. दक्षिण आशियातील हा स्टीफेन्सी २०१२ मध्ये जिबूतीत सापडला आणि पुढे इथिओपिया, सुदानपर्यंत गेला, म्हणून तिथले लोक धास्तावले आहेत, कारण टाकीला पावसाळा लागत नाही. आपल्या टाकीचे झाकण अर्धे तुटलेले आहे आणि त्यावर वीट ठेवलेली आहे.

ए-१०३ (६.५५) : आम्ही त्याच टाकीचे पाणी वापरतो. झाकण कधी तुटले?

सचिव (७.०३) : मागील समितीच्या कार्यकाळात.

बी-२०१ (७.०४) : मागील समितीने झाकणाचा ठराव केला होता, इतिवृत्त पाहावे.

बी-४०१ (७.२०) : टायर उचलून भंगारवाल्याला दिले. फोटो टाकत नाही, कारण मला टाळ्या नको आहेत.

सचिव (रात्री ९.१०) : ताटल्या काढून कडा घासून ठेवल्या आहेत, नुसते पाणी ओतून अंडी जात नाहीत, असे सरांनी सांगितले. फवारणी परवा सायंकाळी आहे, या वेळी खिडक्या किती वेळ उघड्या आणि किती वेळ बंद ठेवायच्या, हे फवारणी करणाऱ्यांना विचारून कळवतो. टाकी धुऊन नवे झाकण बसवायला उद्या सकाळी ८ वाजता माणूस येणार आहे. गच्चीच्या दुसऱ्या दाराची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती कृपया आज रात्रीच रखवालदाराकडे द्यावी.

सी-२०४ (९.१२) : किल्ली माझ्याकडे आहे, देतो. परंतु नाल्याचे काय?